टॅक्रोचा आकडा आणि आपलं रक्त

लहान शहरात शिक्षक असलात की मोहल्ल्यातले सगळे कागद वाचायला तुमच्याकडे येतात. बँकेचं पत्र, तहसीलची नोटीस, शिष्यवृत्तीचा अर्ज. अलीकडे मात्र सगळ्यात जास्त येतात ते लॅबचे रिपोर्ट. मी शिकवतो उर्दू आणि मराठी. रिपोर्टमधलं मला काय कळणार, हे मी दरवेळी सांगतो आणि दरवेळी कागद माझ्याच हातात राहतो.

गेल्या उन्हाळ्यात एक आपा अशाच आल्या. धाकट्या भावाला त्यांनी स्वतःची किडनी दिली होती, त्याला सव्वा वर्ष झालं होतं. पिशवीत प्लास्टिकची फाइल, फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावलेले कागद. सगळ्यात वरच्या कागदावर एका आकड्याला पेनाने गोल केलेला.

"सर, ये टॅक्रो कम आया है. मागच्या महिन्यात सात होता, आता ४.६. इसने गोलियाँ छोडी क्या?"

घरात तोवर दोन तट पडले होते. एक म्हणत होता, पोरगा औषध बुडवतो. दुसरा म्हणत होता, दुकानदाराने दुसऱ्याच कंपनीची कॅप्सूल दिली. भाऊ कसम खाऊन सांगत होता की एकही वेळ चुकली नाही, आणि आपा रोज कॅप्सूल मोजत होत्या. तिसऱ्या कोणीतरी उपाय सुचवला होता की आज रात्रीपासून एक कॅप्सूल वाढवून टाकू, हिशेब बरोबर होईल. मी एवढंच केलं की तो उपाय थांबवला आणि फोन करायला सांगितला. फोनवर जो कोणी होता त्यानेही "डोस वाढवा" असंच सांगितलं. पण दोन दिवसांनी नागपूरच्या तपासणीत एका वयस्क डॉक्टरांनी पान उलटलं आणि विचारलं, "याचं हिमोग्लोबिन किती?" ते ११.८ वरून ७.९ वर आलं होतं. त्यांनी क्रिएटिनिन पाहिलं, ते जागच्या जागी होतं. मग म्हणाले, "आकडा कमी झालाय. औषध तेवढं कमी झालं नसणार." डोस त्यांनी तसाच ठेवला, रक्त का कमी झालं याचा तपास सुरू केला.

आकडा कमी आणि औषध कमी या दोन वेगळ्या गोष्टी कशा असू शकतात? हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. त्याचा माग काढताना जे हाती लागलं ते इथे मांडतो. त्यात मुंबई आहे, नागपूर आहे, आणि आपल्याच समाजातल्या बायकांचं जवळजवळ शंभर वर्षं जुनं रक्तही आहे.

दुसऱ्याचा अवयव शरीर स्वीकारत नाही. बॉस्टनमध्ये २३ डिसेंबर १९५४ ला पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण झालं, ते जुळ्या भावांत. दोघं हुबेहूब एकसारखे, म्हणून शरीराला फसवायची गरजच पडली नाही. बाकी सगळ्यांसाठी प्रतिकारशक्ती दाबणारं औषध हवं. ते आलं १९६०च्या आसपास, अझाथायोप्रिन. आपल्याकडे मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९६५ साली डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्या चमूने मृत व्यक्तीची किडनी बसवण्याचा प्रयत्न केला. देशातला तो पहिलाच. यश टिकलं नाही. टिकलेलं यश मिळालं १९७१ मध्ये, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात.

त्या काळी औषध रक्तात किती आहे, हे कोणी मोजत नव्हतं. अझाथायोप्रिन हाडांच्या मगजावर घाव घालतं, तिथे पेशी बनायच्या कमी होतात. म्हणून डॉक्टर पांढऱ्या पेशी मोजायचे. फार घसरल्या की डोस कमी. म्हणजे रक्त हाच औषधाचा मोजमाप करणारा तराजू होता. ढोबळ तराजू, पण फसवा नव्हता. जे व्हायचं ते डोळ्यांसमोर व्हायचं.

रक्ताशी या विद्येचं नातं तेव्हाही गुंतागुंतीचं होतं. १९७३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये ओपेल्झ आणि तेरासाकी यांच्या असं लक्षात आलं की प्रत्यारोपणापूर्वी ज्यांना बाहेरचं रक्त चढवलं गेलं होतं, त्यांची नवी किडनी जास्त टिकते. सगळ्यांना उलट वाटत होतं. मग काही ठिकाणी मुद्दाम रक्त चढवू लागले. पुढे नवी औषधं आली आणि हा फरक पुसट झाला, पद्धतही गेली.

नवी औषधं मातीतून आली. नॉर्वेच्या हार्डांगरविद्दा पठारावरच्या मातीतल्या बुरशीतून सायक्लोस्पोरिन. त्याचा गुण १९७२ साली स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीत ओळखला गेला आणि केंब्रिजमध्ये रॉय काल्न यांनी १९७८ मध्ये ते माणसांत वापरलं. ईस्टर बेटाच्या मातीतून रॅपामायसिन, ज्याच्यामागे आयुष्य घालवणारे सुरेन सेहगल आजच्या पाकिस्तानात जन्मलेले आणि बनारसला शिकलेले. जपानमध्ये त्सुकुबा डोंगराच्या पायथ्याच्या मातीतून १९८४ मध्ये टॅक्रोलिमस. नावातला 'ट' त्या डोंगराचाच. अमेरिकेत पिट्सबर्गला थॉमस स्टार्झल यांनी १९८९ मध्ये ते रुग्णांना दिलं. आज आपल्या जिल्ह्यातले प्रत्यारोपण झालेले बहुतेक लोक हेच घेतात आणि घरोघरी त्याचं नाव 'टॅक्रो' झालं आहे.

या औषधांचा स्वभाव अझाथायोप्रिनपेक्षा वेगळा. ती पांढऱ्या पेशींची संख्या पाडत नाहीत, त्यांना गप्प बसवतात. त्यामुळे पेशी मोजून काही कळत नाही. शिवाय कमी पडलं तर किडनी नाकारली जाते आणि जास्त झालं तर औषधच किडनीला मारतं. मधली वाट अरुंद. म्हणून औषध थेट रक्तात मोजायचं ठरलं. इथून गोंधळ सुरू झाला, कारण 'रक्तात' म्हणजे कुठे?

रक्त म्हणजे काही एकजिनसी लाल पाणी नव्हे. नळी फिरवली की खाली तांबड्या पेशींचा गाळ बसतो, वर पिवळसर प्लाझ्मा राहतो. गाळाचा वाटा शेकडा किती, याला हिमॅटोक्रिट म्हणतात; आपल्याकडच्या रिपोर्टवर ते 'पीसीव्ही' म्हणून छापलेलं असतं. निरोगी पुरुषात साधारण ४५, स्त्रीत ४०च्या आसपास. हिमोग्लोबिनला तीनने गुणलं की अंदाजे तोच आकडा येतो.

नेहमीची औषधं मोजायची तर प्लाझ्मात मोजायची, अशी तोवरची रीत होती. सायक्लोस्पोरिनही सुरुवातीला तसंच मोजलं गेलं. पण एकाच माणसाचं रक्त दोन लॅबमध्ये दिलं तर दोन आकडे यायचे, आणि ते थोडेथोडके वेगळे नसायचे. कारण सापडलं ते मोठं मजेदार होतं. शरीरातून काढलेलं रक्त ३७ अंशांवर असतं. नळी टेबलावर राहिली की ते थंड होतं, आणि थंड होता होता प्लाझ्मातलं औषध हळूहळू तांबड्या पेशींत शिरतं. मग वरचा प्लाझ्मा वेगळा काढला तर त्यात औषध बरंच कमी दिसतं. एका लॅबने रक्त गरम असताना वेगळं केलं, दुसरीने पंख्याखाली निवल्यावर. आकडा खोलीच्या तापमानाप्रमाणे बदलत होता, रुग्ण तोच, औषध तेच.

तोडगा असा निघाला की वेगळं काही करायचंच नाही, सगळं रक्त एकत्रच मोजायचं. पेशी फोडायच्या, आतलं-बाहेरचं सगळं मिळून औषध किती ते पाहायचं. तज्ज्ञांनी १९८७ मध्ये हीच शिफारस केली. टॅक्रोही पुढे याच वाटेने गेलं. म्हणून तर टॅक्रोसाठी रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतात, जिच्यात ते गोठत नाही. यवतमाळहून मे महिन्यातल्या ४५ अंशांत नमुना मुंबईच्या लॅबला गेला तरी आकडा निभावून जातो, त्याचं श्रेय या निर्णयाला. निर्णय योग्यच होता. पण त्याने एक अडचण सोडवताना दुसरी अडचण आकड्याच्या पोटात लपवली.

टॅक्रो तांबड्या पेशींत जातं म्हणजे किती जातं? अमेरिकेतल्या दोन गटांनी १९८९ मध्ये टॅक्रोला धरून ठेवणारं एक प्रथिन शोधलं. प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींत टॅक्रो याच प्रथिनाला चिकटतं आणि मग आपलं काम करतं. पण हेच प्रथिन तांबड्या पेशींतही भरपूर आहे, आणि तिथे टॅक्रोला करण्यासारखं काहीच काम नाही. ते नुसतं अडकून बसतं. म्हणून सगळ्या रक्तात मोजलेलं टॅक्रो प्लाझ्मातल्या टॅक्रोच्या बारा ते सदुसष्ट पट भरतं, सरासरी पस्तीस पट. प्लाझ्मात उरतं त्यातलंही शंभरातले नव्व्याण्णव भाग अल्ब्युमिनसारख्या प्रथिनांनी धरलेले. खरं मोकळं, काम करणारं औषध रक्तातल्या एकूण साठ्याचा अगदी चिमूटभर भाग. आणि लॅब मोजते तो साठा.

आता यवतमाळचं बसस्थानक डोळ्यांसमोर आणा. गावात आलेली बहुतेक माणसं कुठल्या ना कुठल्या गाडीत बसून आहेत. थोडी उतरून बाजारात फिरतायत. काम फक्त बाजारातली माणसं करतात. गावाबाहेर जायला एकच नाका आहे, यकृत, आणि त्या नाक्यावरून पायी चालणाऱ्यालाच जाता येतं. रोज सकाळ-संध्याकाळ ठरावीक माणसं गावात येतात, म्हणजे कॅप्सूलचा डोस. मग बाजारात गर्दी किती राहील? ती येणाऱ्यांवर आणि नाक्यावरून जाणाऱ्यांवर ठरेल, गाड्या किती उभ्या आहेत यावर नाही. गाड्या कमी झाल्या तर सुरुवातीला काही माणसं खाली उतरतील, बाजार गजबजेल, पण नाक्यावरून बाहेर पडणारेही वाढतील आणि लवकरच बाजार पूर्वीसारखा होईल. शिरगणती करणारा मात्र गाडीतली आणि बाजारातली मिळून मोजतो. त्याच्या वहीत गाव रिकामं झालेलं दिसेल.

गाड्या म्हणजे तांबड्या पेशी. आपांच्या भावाचं हिमोग्लोबिन ११.८ होतं तेव्हा हिमॅटोक्रिट ३५च्या घरात असणार, ७.९ ला ते २४ वर आलं. सातला ३५ने भागून २४ने गुणा. ४.८ येतात. रिपोर्टवर ४.६ होते. पोरगा खरं बोलत होता.

हा हिशेब इथे फक्त समजण्यासाठी दिला आहे. घरी बसून कोणी डोस ठरवायला वापरू नये, कारण आकडा खाली येण्याची इतरही कारणं असतात आणि त्यातली काही जीवघेणी आहेत. टीबीचं रिफॅम्पिसिन सुरू झालं की टॅक्रो धाडकन उतरतं, तिथे औषध खरोखरच कमी होतं. बुरशीवरच्या काही गोळ्या आणि चकोतऱ्याच्या जातीतलं ग्रेपफ्रूट आकडा वर नेतात. जुलाब लागले तरी बऱ्याचदा वरच जातो. काही लोकांचं यकृत आणि आतडं जन्मतःच टॅक्रो भराभर जाळतं. म्हणून 'रक्त कमी आहे, काही होत नाही' असा उलटा समज करून घेणंही तितकंच घातक.

पण रक्त कमी आहे हे पाहायचंच राहिलं तर काय होतं? डोस वाढतो. बाजारातली गर्दी खरोखरच वाढते. हात थरथरतात, साखर चढते, किडनीच्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात. आणि तांबड्या पेशी बनवण्याचा हुकूम सोडणारा संप्रेरक, एरिथ्रोपोएटिन, तयार होतो किडनीतच. किडनी दुखावली की तो कमी बनतो, रक्त आणखी उतरतं, टॅक्रोचा आकडा आणखी खाली दिसतो आणि कोणीतरी पुन्हा म्हणतं, वाढवा.

उलटा फेरही आहे. प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या महिन्यांत नवी किडनी कामाला लागते, रक्त वाढतं, तसा डोस न बदलता आकडा चढतो. घरचे घाबरतात. रक्ताची बाटली चढवली तरी तेच. ऑस्लोच्या संशोधकांनी २०१४ मध्ये आकडा हिमॅटोक्रिट ४५ धरून दुरुस्त करून वापरण्याचा रस्ता दाखवला. मोकळं औषध थेट मोजणं हा खरा इलाज, पण ते इतकं सूक्ष्म असतं की रोजच्या लॅबचं ते काम नाही. तोवर टॅक्रोच्या शेजारी हिमोग्लोबिन लिहिणं एवढाच स्वस्त उपाय. त्याला पैसे लागत नाहीत, नजर लागते.

इथपर्यंतची गोष्ट ऑस्लोला, पिट्सबर्गला आणि यवतमाळला सारखीच. फरक पुढे आहे. टॅक्रो किती असावं याचे तक्ते मुख्यतः अमेरिका, युरोप आणि जपानच्या रुग्णांवरून बनले. आपल्या देशात २०१९ ते २०२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ स्त्रियांना आणि २५ पुरुषांना रक्तक्षय आढळला. म्हणजे आपल्याकडे किडनी बिघडायच्या आधीच गाड्या कमी असतात. प्रत्यारोपण झालेल्या बाईचं हिमोग्लोबिन नऊ असेल, तर "बायकांचं असतंच की" म्हणून ते पान उलटलं जातं.

हे 'असतंच की' फार जुनं आहे. १९२८ साली लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये आली. बाळंतपणात बायका का मरतात याची चौकशी चालली होती आणि गिरणगावातल्या गरोदर बायकांमध्ये एक विचित्र रक्तक्षय दिसत होता. तांबड्या पेशी थोड्या, पण फुगून मोठ्या झालेल्या. सगळे जंतू शोधत होते. विल्स बाईंनी घरांत काय शिजतं ते पाहिलं. मुंबईच्या वेगवेगळ्या समाजांतल्या बायकांचा आहार आणि त्यांचं रक्त त्यांनी ताडून बघितलं, आणि सगळ्यात निकस जेवण आणि सगळ्यात जास्त रक्तक्षय दोन्ही सापडले ते गरीब मुसलमान बायकांत. मग उंदरांवर, माकडांवर प्रयोग करत त्यांना उतारा सापडला तो मार्माइटमध्ये. मार्माइट म्हणजे यीस्टचा अर्क, ब्रेडला लावायचा स्वस्त पदार्थ. निबंध १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. त्यातल्या अज्ञात घटकाला पुढे फॉलिक अॅसिड हे नाव मिळालं. आज सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला लोह आणि फॉलिक अॅसिडची जी गोळी मिळते तिचा अर्धा इतिहास परळचा आहे.

आपल्या सभा-संमेलनांत इब्न अन-नफीसचं नाव हमखास निघतं. तेराव्या शतकात कैरोमध्ये त्याने रक्त हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुफ्फुसांमार्गे डाव्या बाजूला जातं हे लिहून ठेवलं, युरोपच्या कितीतरी आधी. अभिमान जरूर असावा. मीही वर्गात सांगतो. पण मुंबईच्या चाळींतल्या ज्या बायकांच्या रक्तातून फॉलिक अॅसिडचा शोध लागला, त्यांचा उल्लेख मी आपल्या एकाही व्यासपीठावर ऐकलेला नाही. त्यांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत हे खरं. त्या कोण होत्या एवढं तर लिहून ठेवलेलं आहे.

विदर्भाचं रक्त म्हटलं की आणखी एक नाव येतं, सिकलसेल. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी लॅन्सेटमध्ये लिहिलं. आपल्या जिल्ह्यात गोंड, परधान, कोलाम आणि बौद्ध समाजात तो आढळतो. शाळेत तपासणीचं पथक आलं की कार्ड हातात घेऊन उभी असलेली पोरं मी बघितली आहेत. या आजारात तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि लवकर मरते, म्हणजे हिमॅटोक्रिट कायमच खाली. किडनीही त्यात खराब होते. अशा माणसाचं प्रत्यारोपण झालं तर टॅक्रोच्या आकड्याला तक्त्यातला अर्थ लावणं किती अवघड असेल, ते वरच्या बसस्थानकावरून लक्षात येईल. एक जाता जाता: १९८६ मध्ये जनुकांच्या अभ्यासात दिसलं की भारतातला सिकलसेल आफ्रिकेतल्यापेक्षा स्वतंत्र मुळाचा आहे, आणि तेच मूळ सौदी अरबस्तानच्या पूर्व किनाऱ्यावरही सापडतं. शास्त्रज्ञ त्याला 'अरब-इंडियन' म्हणतात. माझ्या मोहल्ल्यात अरबस्तानाशी नातं सांगायला पुष्कळ लोक उत्सुक असतात. कोलाम पोडावरच्या पोराकडे ते नातं रक्तात लिहिलेलं आहे, आणि त्याने कधी सांगितलेलं नाही.

रमजानचा प्रश्न आपांनीच काढला होता, म्हणून त्याबद्दल थोडं. टॅक्रो बारा-बारा तासांनी घ्यायचं औषध. उन्हाळ्यातल्या रमजानमध्ये आपल्याकडे सेहरी ते इफ्तार चौदा तासांहून जास्त जातात. शिवाय दिवसभर पाणी नाही, म्हणजे एका किडनीवर ताण आणि रक्तही दाट. दिवसातून एकदाच घ्यायचा प्रकार मिळतो, पण तो बदल डॉक्टरांनीच करायचा. सूरह बकरामध्ये आजारी माणसाला दिलेली सवलत स्पष्ट आहे. ती घ्यायला लाजणारे लोक मला समजत नाहीत. किडनी देण्याआधीही आपांनी मसला विचारून घेतला होता. जेद्दाच्या इस्लामी फिक्ह अकादमीने १९८८ मध्येच, देणाऱ्याला इजा होऊ नये आणि खरेदी-विक्री नसावी अशा अटींवर जिवंतपणी अवयव देण्याला परवानगी दिलेली आहे. सरकारी कायदा आला १९९४ मध्ये आणि महाराष्ट्रात लागू झाला ४ फेब्रुवारी १९९५ पासून. त्याआधी मुंबईत किडनीचा बाजार कसा भरायचा हे जुन्या वर्तमानपत्रांत वाचायला मिळतं.

'देणाऱ्याला इजा होऊ नये' ही अट वाचताना मला आपांची फाइल आठवली. भावाचे सव्वा वर्षाचे कागद, एकूण एक. दोन महिन्यांनी त्या पुन्हा आल्या तेव्हा भावाचं हिमोग्लोबिन दहावर आलं होतं आणि टॅक्रो ६.१. डोस तोच. लोह कमी होतं, शिवाय सोबतचं एक औषध रक्त उतरवत होतं, ते डॉक्टरांनी बदललं. आपांनी आता प्रत्येक रिपोर्टवर टॅक्रोच्या आकड्याशेजारी हिरव्या पेनाने हिमोग्लोबिनचा आकडा लिहायला सुरुवात केली आहे. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त असतात. आई, बायको, बहीण. देणाऱ्याचीही दरवर्षी तपासणी व्हायला हवी: रक्तदाब, लघवी, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन. मी फाइल शेवटपर्यंत चाळली आणि विचारलं, "आपा, तुमचा रिपोर्ट कुठला?"

"मेरा?" त्या हसल्या. "ऑपरेशन के वक्त का होगा सर, घर पे. उसके बाद किसने देखा."

माझी बायको आतून चहा घेऊन आली होती. तिने मध्येच विचारलं, "चक्कर येते का?"

"वो तो आतीच है."

सोमवारी दोघी मिळून गेल्या आणि रक्त देऊन आल्या. संध्याकाळी कागद माझ्याकडे वाचायला आला. क्रिएटिनिन ठीक होतं. हिमोग्लोबिन ८.७. फाइलमध्ये भावाच्या कागदांच्या मागे एक रिकामा कप्पा होता, तो त्यांनी त्यासाठी मोकळा केला.